मूल्यांकनाचा फॉर्म भरणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
पुण्या-मुंबईतल्या खासगी कंपन्यांमधील सर्व टीम लीड, मॅनेजर, विभागप्रमुख आणि मनुष्यबळ विभागाचे अधिकारी यांस



फेब्रुवारी संपत आला की तुमच्यापैकी प्रत्येकाच्या स्क्रीनवर आठ, दहा, पंधरा माणसांचे फॉर्म येऊन पडतात. वर्षभराचं काम एक ते पाचमधल्या एका आकड्यात बसवायचं, खाली चार ओळी लिहायच्या आणि मुदतीच्या आत 'सबमिट' करायचं. त्या आकड्यावर एखाद्याची पगारवाढ ठरते, एखादीची बढती अडते, आणि मंदीच्या वर्षी कोणाला 'जा' म्हणायचं याची यादीही तिथूनच निघते. मनुष्यबळ विभागात राहून मी असे फॉर्म वर्षानुवर्षं वाचले. आता नव्या मॅनेजरांना ते कसे भरावेत हे शिकवते. त्या आधारावर एक गोष्ट तुम्हा सर्वांना जाहीरपणे सांगायची आहे. तुम्ही जो आकडा कामाचा म्हणून देता, तो बहुतेक वेळा त्या माणसाच्या तुमच्या डोळ्यांसमोरच्या वागण्याचा असतो.

फॉर्ममधली वाक्यंच पाहा. 'नेहमी अव्हेलेबल असतो.' 'अ‍ॅटिट्यूड पॉझिटिव्ह आहे.' 'ओनरशिप घेत नाही.' 'व्हिजिबिलिटी वाढवण्याची गरज.' त्या माणसानं वर्षभरात काय केलं हे यातल्या एकाही वाक्यात नाही. तो लवकर आला, उशिरापर्यंत बसला, मीटिंगमध्ये बोलला, रात्री अकराच्या मेसेजला लगेच उत्तर दिलं, कशालाच नाही म्हणाला नाही, एवढंच कळतं. त्यावरून तो जबाबदार आहे, हुशार आहे, कंपनीसाठी जीव टाकणारा आहे, असं तुम्ही ठरवता. हे तुम्ही वाईट हेतूनं करता असं मला मुळीच म्हणायचं नाही. दहा माणसांचं काम रोज तपासायला कोणाकडेच वेळ नसतो. वागणं मात्र न पाहताही दिसत राहतं, आणि दिसलेल्यावरून न दिसलेल्याचा अंदाज मन परस्पर बांधून टाकतं.

हे शंभर वर्षांपूर्वीच लक्षात आलेलं आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्ये लष्करी अधिकाऱ्यांनी हाताखालच्यांना दिलेले गुण तपासले. शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, चारित्र्य यांना वेगवेगळे गुण द्यायचे होते. प्रत्यक्षात एका रकान्यात ज्याला चांगले गुण, त्याला बाकी रकान्यांतही चांगलेच. अधिकाऱ्यांना हे गुण एकमेकांपासून वेगळे पाहताच येत नव्हते. एकंदर माणूस आवडला की नावडला, तेच सगळीकडे उतरत होतं. आपल्या आजच्या फॉर्ममध्ये रकाने वाढले, रंगीत झाले, संगणकावर गेले. पाहणारा माणूस तोच आहे.

सकाळच्या वेळेचं उदाहरण घ्या, कारण आपल्याकडे ते फार लागू पडतं. यॅम, फेर आणि बार्न्स या तीन संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवलं, की जे कर्मचारी दिवस लवकर सुरू करतात त्यांना वरिष्ठ अधिक कर्तव्यदक्ष मानतात आणि गुणही जास्त देतात. प्रयोगात त्यांनी कामाचे एकूण तास सारखे ठेवले, कामाचा दर्जा सारखा ठेवला, फक्त सुरुवातीची वेळ बदलली. तरीही उशिरा येणारा कमी ठरला. जे वरिष्ठ स्वतः पहाटे उठणारे होते त्यांच्यात हा कल जास्त होता. स्वतः उशिरा उठणाऱ्या वरिष्ठांमध्ये तो फिका पडत होता. म्हणजे मोजमाप ज्याच्या हाती, त्याच्या स्वतःच्या सवयीची फूटपट्टी दुसऱ्याला लागत होती.

आता हेच मुंबईत आणून बघा. तुमच्या टीममधला एकजण पवईत, कंपनीपासून चालत जाण्याच्या अंतरावर राहतो. दुसरी बदलापूरहून येते. घरातलं आवरून, मुलाचा डबा भरून, फलाटावर तीन रांगा मागे उभी राहून ती गाडीत शिरते. पावसाळ्यात कुर्ला-शीवच्या दरम्यान रुळांवर पाणी आलं की त्याच गाडीत तासभर अडकते. दोघांचं कामाचं माप सारखं, तास सारखे. पण तो नऊला हसतमुखानं 'गुड मॉर्निंग' म्हणतो आणि ती पावणेदहाला ओढणी सावरत जागेवर बसते. हे वर्षभर रोज तुमच्या नजरेखालून जातं. मार्चमध्ये फॉर्म उघडता तेव्हा तिच्याबद्दल मनात काहीतरी 'ढिलं' असं आधीच तयार असतं. पुण्यात भूमकर चौकातून हिंजवडीत येणाऱ्यांची गोष्ट वेगळी नाही. कोणी कुठे घर घेऊ शकलं हे पगारावर आणि कुटुंबावर अवलंबून असतं, आणि आपण त्याची नोंद शिस्तीच्या रकान्यात करतो.

संध्याकाळचं तर विचारूच नका. किंबर्ली एल्सबाख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये छापलेल्या अभ्यासात व्यवस्थापकांच्या मुलाखती घेतल्या, पुढे प्रयोगही केले. नेहमीच्या वेळेत जागेवर दिसणारा माणूस 'भरवशाचा' ठरत होता आणि वेळेनंतर किंवा सुट्टीच्या दिवशी दिसणारा 'समर्पित'. तो जागेवर बसून काय करत होता हे पाहणाऱ्याला माहीत नव्हतं. नुसतं दिसणं पुरेसं होतं. असा निष्कर्ष आपण काढतो आहोत याची पाहणाऱ्याला कित्येकदा जाणीवही नव्हती. या शेवटच्या मुद्द्यावर तुम्ही जरा थांबावं असं मला वाटतं. 'मी तसा नाही, मी फक्त काम बघतो' असं प्रत्येक मॅनेजर मनापासून सांगतो, आणि ते खरं मानूनच सांगतो.

कर्मचारी मात्र हे अचूक ओळखतात. ऑफिसात रुजू होऊन सहा महिने झालेल्या मुलालाही साहेबाला काय आवडतं ते ठाऊक असतं. त्याप्रमाणे तो वागायला लागतो. साहेब उठेपर्यंत उठायचं नाही. मेल रात्री लिहून ठेवायची आणि बाराला पाठवायची. मीटिंगमध्ये दुसऱ्यानं मांडलेला मुद्दा जरा मोठ्या आवाजात पुन्हा मांडायचा. अमेरिकेतल्या एका सल्लागार कंपनीचा एरिन रीड यांनी केलेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात काही पुरुष जवळपासचे ग्राहक घेऊन, सहकाऱ्यांशी आपसात कामं जुळवून, कोणालाही न सांगता आपले तास कमी करत होते. त्यांना मिळणारं मूल्यांकन खरोखर दिवसरात्र राबणाऱ्यांइतकंच चांगलं होतं. वरिष्ठांना फरक कळलाच नाही. ज्यांनी प्रामाणिकपणे, रीतसर अर्ज करून सवलत मागितली, त्यांचे गुण मात्र कमी झाले. सवलत उघडपणे मागणाऱ्यांत बायका जास्त होत्या. खरं बोलण्याची किंमत कोण मोजतं, हे यातून उघड दिसतं.

आणि हे प्रकरण पुढे कुठवर जातं? २०२४ मध्ये वेल्स फार्गो या अमेरिकी बँकेनं डझनभराहून अधिक कर्मचाऱ्यांना काढलं, कारण कीबोर्ड चालू असल्याचा नुसता भास ते निर्माण करत होते. त्यांचं समर्थन मी करणार नाही. पण हजेरीचा हिरवा ठिपका हेच काम मानलं, की माणसं ठिपका हिरवा ठेवण्याचं काम करू लागतात, आणि त्यात जाणारी बुद्धी तुमच्या कंपनीचीच असते.

घरून काम करणाऱ्यांबद्दल एक भक्कम पुरावा आहे. निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी शांघायमधल्या सीट्रिप या प्रवास कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. इच्छुकांपैकी निम्म्यांना नऊ महिने घरून काम दिलं. त्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली. कॉल सेंटरमध्ये प्रत्येक कॉलची मोजदाद होते, त्यामुळे हा आकडा कोणाच्या मतावर अवलंबून नव्हता. तरीही कामगिरीच्या मानानं पाहिलं तर त्यांच्या बढतीचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. अधिक काम, कमी बढती. बढती द्यायच्या वेळी पुढे बसलेला चेहरा आठवतो. आपल्याकडे २०२० नंतर किती जणींनी घरून काम करण्याचा पर्याय टिकवून ठेवला आणि त्यातल्या कितींची नावं बढतीच्या यादीत आली, हे प्रत्येक मनुष्यबळ प्रमुखानं स्वतःच्या कंपनीत मोजून बघावं. माहिती तुमच्याकडेच आहे.

बायकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट मला नेहमी अस्वस्थ करते. निरोप समारंभाचा केक आणणं, दिवाळीची रांगोळी, नव्या मुलीला ऑफिस दाखवणं, मीटिंगचं टिपण काढणं, कोणाच्या घरी अडचण आली तर वर्गणी जमा करणं. ही कामं कोण करतं ते आठवा. मॅडलिन हाइलमन आणि ज्युली चेन यांनी २००५ मध्ये एक प्रयोग मांडला. सहकाऱ्याला मदत करणाऱ्या पुरुषाला गुण वाढवून मिळाले. तशीच मदत करणाऱ्या बाईला तो फायदा झाला नाही. मदत केली नाही म्हणून तिचे गुण मात्र कापले गेले. म्हणजे त्याचा तो चांगुलपणा, आणि तिचं ते कर्तव्य. तुमच्या टीममधल्या एखादीच्या फॉर्मवर 'थोडी कमी को-ऑपरेटिव्ह' लिहायचा मोह झाला, तर तेच वागणं एखाद्या पुरुषानं केलं असतं तर तुम्ही त्याची नोंद तरी घेतली असती का, हे स्वतःला विचारा.

सगळ्यात जास्त अन्याय होतो तो काम बिनबोभाट करणाऱ्यांवर. पगारपत्रक करणारा माणूस बघा. एक तारखेला चारशे जणांच्या खात्यात बरोबर रक्कम जमा होते. टीडीएस, भविष्य निर्वाह निधी, बिनपगारी रजा, मधेच रुजू झालेले, मधेच सोडून गेलेले, सगळं जिथल्या तिथं. वर्षभर त्याच्याकडे कोणी वळूनही पाहत नाही, कारण पाहायचं कारणच पडत नाही. एका महिन्यात एका साहेबाच्या पगारात चूक झाली की तो सगळ्यांना दिसतो. तसंच टेस्टिंगवाल्या मुलीचं. रिलीजच्या आधी तिनं पकडलेली चूक ग्राहकापर्यंत गेलीच नाही, म्हणून ती कोणाच्याच लक्षात राहत नाही. उलट ज्याच्या कोडमुळे शनिवारी रात्री सर्व्हर बसला आणि ज्यानं रविवारी पहाटेपर्यंत जागून तो उठवला, त्याला 'एक्स्ट्रा माइल' म्हणून सगळ्यांसमोर टाळ्या. आग लागूच न देणाऱ्याला 'व्हिजिबिलिटी कमी' असा शेरा मिळतो. माझं स्पष्ट मत आहे, की हा शेरा कर्मचाऱ्याच्या फॉर्मवर लिहिताच कामा नये. टीममधल्या कोणाचं काम दिसत नसेल तर ते जाऊन पाहणं हे मॅनेजरचं काम आहे, त्याचाच त्याला पगार मिळतो.

वागणुकीला किंमतच देऊ नका, असं मात्र मी म्हणत नाही. रुग्णालयात पाळी बदलताना परिचारिका दहा मिनिटं उशिरा आली तर आधीच्या पाळीतली बाई अडकते आणि रुग्णाची माहिती अर्धवट पोहोचते. बँकेच्या काउंटरवरचा खेकसणारा माणूस हिशेबात कितीही पक्का असला तरी काम वाईटच करतो आहे. सहकाऱ्याला शिकवणं, चूक लपवून न ठेवता सांगणं, दिलेला शब्द पाळणं, ही वागणूकच आहे आणि ती कामाचा गाभा आहे. अशी वागणूक मोजा, जरूर मोजा. पण कोणती वागणूक मोजणार हे एप्रिलमध्ये सांगा, आणि तिचा त्या कामाशी काय संबंध आहे तेही सांगा. पाळीच्या नोकरीत वेळ हा कामाचाच भाग असतो. एकट्यानं बसून अहवाल लिहिणाऱ्याच्या नोकरीत तो नसतो. दोघांना एकच नियम लावणं म्हणजे विचार करण्याचे कष्ट टाळणं.

या सगळ्यावर आपल्या देशात एका ठिकाणी बराच विचार झालेला आहे, आणि ते ठिकाण सरकारी कचेरी आहे. मंत्रालयात किंवा जिल्हा परिषदेत काम केलेल्या कोणालाही 'सीआर' म्हटलं की कळतं. साहेबाशी वाजलं की 'तुझा सीआर बघतो' ही धमकी पिढ्यान्‌पिढ्या ऐकली गेली. गोपनीय अहवाल खरोखरच गोपनीय असायचा. अगदी प्रतिकूल शेरा असेल तरच कळवायचा, बाकीचं कपाटात. देव दत्त नावाचे एक अभियंता सीमा रस्ते अभियांत्रिकी सेवेत होते. बढतीसाठी आधीच्या पाच वर्षांचे शेरे किमान 'अतिशय चांगला' असावे लागत. त्यांना १९९३-९४ या एका वर्षी 'चांगला' असा शेरा मिळाला होता. 'चांगला' हा काही प्रतिकूल शेरा नव्हे, म्हणून तो त्यांना कळवलाच गेला नाही. त्या एका शब्दानं त्यांची बढती गेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचलं. १२ मे २००८ रोजी निकाल लागला, तोवर ते सेवानिवृत्त झाले होते. न्यायालयानं सांगितलं, की शेरा चांगला असो, वाईट असो, मध्यम असो, प्रत्येक नोंद संबंधित माणसाला ठरावीक काळात कळवलीच पाहिजे, म्हणजे त्याला तिच्याविरुद्ध दाद मागता येईल. पुढच्याच वर्षी केंद्र सरकारनं पूर्ण अहवाल कर्मचाऱ्याला दाखवण्याचे आदेश काढले, आणि २०१३ मध्ये सुखदेव सिंग यांच्या प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठानं हेच तत्त्व पक्कं केलं.

सरकारी कचेऱ्यांतला अन्याय यानं संपला असं नाही. पण तिथल्या कारकुनाला निदान त्याच्याबद्दल काय लिहिलं हे वाचायचा आणि वरच्या अधिकाऱ्याकडे उत्तर द्यायचा हक्क आहे. तुमच्या काचेच्या इमारतीत लाखोंचं पॅकेज घेणाऱ्या अभियंत्याला तो नाही. त्याला दिसतो तो फक्त शेवटचा आकडा. बंद खोलीतल्या कॅलिब्रेशन मीटिंगमध्ये त्याच्याबद्दल कोण काय म्हणालं, चाराचा तीन का झाला, हे त्याला कधीच कळत नाही. एकदा विचारलं की 'बेल कर्व्हमुळे झालं' असं सांगतात. मायक्रोसॉफ्टनं बेल कर्व्हची ही सक्तीची उतरंड २०१३ मध्येच सोडून दिली. आपल्याकडे अजून तिच्या नावावर मॅनेजर स्वतःचा निर्णय खपवतात. वरच्या पायरीवर मर्यादित जागा असतील तर तसं आधी सांगा. त्यासाठी कोणाच्या 'अ‍ॅटिट्यूड'मध्ये खोट काढायची गरज नाही.

मनुष्यबळ विभागातल्या माझ्या सहकाऱ्यांना दोन शब्द वेगळे. फॉर्म वेळेत आले की आपण समाधानी असतो. आलेला फॉर्म वाचून परत पाठवायचा अधिकार आपल्याकडे आहे, तो वापरा. ज्या शेऱ्याला घटनेचा आधार नाही तो स्वीकारू नका. स्वाइप मशीनमधली आत-बाहेरची वेळ मूल्यांकनाच्या काळात मॅनेजरांना पाठवायची पद्धत बंद करा, निदान ज्या कामांत वेळेचा संबंध नाही तिथे तरी. बढतीची यादी अंतिम करण्याआधी तिच्यात घरून काम करणारे, प्रसूतीच्या रजेवरून परतलेल्या, रात्रपाळीचे असे किती जण आहेत ते एका कागदावर लिहून संचालकांसमोर ठेवा. प्रश्न आपोआप विचारले जातील.

आणि मॅनेजरांनो, तुमच्याकडून फार मोठं काही मागत नाही. जॉन फ्लॅनगन यांनी १९५४ मध्ये एक साधी रीत मांडली होती. माणसाविषयी मत लिहिण्याऐवजी त्यानं केलेली नेमकी कृती लिहायची. तीच रीत आपल्या कामापुरती वापरा. एक वही ठेवा, किंवा मोबाइलमध्ये नोंद ठेवा. दर पंधरा दिवसांनी प्रत्येकाच्या नावापुढे एक-दोन ओळी: कोणत्या तारखेला काय केलं, त्यातून काय झालं. ज्याच्या नावापुढे तीन महिने काहीच लिहिलं गेलं नाही, त्याच्या जागेवर जाऊन बसा आणि 'सध्या काय चाललंय?' असं विचारा. बहुधा तिथे पुष्कळ काही सापडेल. ही नोंद नसली की मार्चमध्ये तुम्हाला फक्त जानेवारी-फेब्रुवारी आठवतात, आणि जूनमध्ये ज्यानं तुमची अब्रू वाचवली तो विसरला जातो.

यंदाचे फॉर्म अजून तुमच्याच हाती आहेत. वर्षभराची नोंद नसली तरी मेल आहेत, कामाची तिकिटं आहेत, सहकारी आहेत. त्यांना विचारता येतं. प्रत्येक विशेषणाखाली एक तारीख आणि एक घटना लिहा. ती आठवत नसेल तर ते विशेषण खोडा. आणि आकडा पक्का होण्याआधी, तुमच्या चार ओळी ज्याच्याबद्दल आहेत त्याला वाचायला द्या आणि त्याचं म्हणणं ऐकून घ्या.

आपली,
मनुष्यबळ विभागातली एक जुनी सहकारी
पुणे